बेसिनखालचा माणूस

नाना, काल सकाळी आमच्या पुढच्या बाथरूममधलं बेसिन काढलं. वरून सांडणाऱ्या पाण्याने खालच्या कपाटाचं दार फुगलं होतं, लागत नव्हतं, म्हणून सगळंच नवीन करायचं ठरलं. कामाला आलेला माणूस जामनेरकडचा, असेल पस्तिशीचा. कपाटात डोकं घालून बराच वेळ चाचपत बसला आणि मग तिथूनच ओरडला, "काकू, हा खालचा वाकडा पाईप, हा ट्रॅप, कोणी बसवला होता?" मी म्हटलं, का, काय झालं? तो बाहेर आला, कपाळावरचं जाळं पुसलं आणि म्हणाला, "झालं काही नाही. इथे माझे दोन हात एकदम आत जात नाहीत. भिंतीतलं भोक एकीकडे, बेसिन दुसरीकडे, मध्ये फळी. आणि या माणसाने फळीला हात न लावता पाईप कापून, वळवून, नेमका बसवलाय. खाली थेंबाचा डाग नाही." मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी बसवला." "ते हेच काम करायचे?" "हो. धुळ्याला. नळकाम करायचे." एवढं बोलून मी स्वयंपाकघरात आले आणि गॅस पेटवून नुसतीच उभी राहिले, वर काही ठेवलंच नाही. या घरात येऊन मला पस्तीस वर्षं होऊन गेली, नाना. हे वाक्य मी या घरात बाहेरच्या माणसासमोर पहिल्यांदा बोलले.

तुम्हाला आपली धुळ्याची खोली आठवत असेल तशी मला आठवते की नाही, कोण जाणे. गल्लीतली ती दोन खोल्यांची जागा, मागे मोरी, मोरीवर तुम्ही स्वतः बसवलेला पितळी नळ. पाणी चार दिवसांआड यायचं आणि आलं की सगळी गल्ली हंडे-कळश्या घेऊन जागी व्हायची. तुम्ही कामावरून सायकल घेऊन येता, दाराशी टेकवता, पिशवी उतरवता. पिशवीत पाना, करवत, पाईपाच्या जोडांना लावायच्या सफेद्याचा डबा, सुताची गुंडी. आत यायच्या आधी मोरीवर बसून तुम्ही राखेने हात घासता, कोपरापर्यंत, नखं एकेक करून. आई म्हणते, "आते बस करा, चामडी निघी जाई." तुम्ही हसता आणि आणखी एकदा घासता. तरी सफेद्याचा वास जात नसे. कळण्याची भाकरी आणि ठेचा तुम्ही त्याच हातांनी मला भरवलाय, आणि त्या वासाची मला कधी किळस आली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे लिहायचं आहे ते वाचून तुम्हाला वाटेल की मला लहानपणापासूनच तसं वाटत असावं. तसं नव्हतं. ते नंतर आलं. कॉलेजात आलं.

कॉलेजचा फॉर्म भरला त्या दिवशीची गोष्ट. मी जमिनीवर बसून भरत होते, तुम्ही खाटेवर बसून चष्मा लावून बघत होता. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी लिहिलं, कंत्राटदार. तुम्ही वाकून वाचलंत. मला वाटलं आता बोलणार. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "नळकाम लिव्हाले शाई कमी पडनी का?" मी घाबरून खोडायला गेले तर तुम्हीच हात धरलात. "राहू दे आता. खाडाखोड केलेला फॉर्म बरा दिसत नाही." तुम्ही रागावल्याचं मला तेवढंच आठवतं. त्यानंतर मी बी.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात आले, तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत. आणि पुढच्याच वर्षी जळगावचं हे स्थळ आलं. सासरे सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, नवरा प्राध्यापक, गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत बंगला. लग्नात तुम्ही कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि दिवसभर हात पाठीमागे धरून उभे होतात. मला कळत होतं तुम्ही हात का लपवताय.

त्यानंतरच्या दुसऱ्या आखाजीची गोष्ट, नव्वदीच्या सुरुवातीची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी यायचं, झोके घ्यायचे, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खायची, ही आपल्याकडची रीत. न्यायला भाऊ येतो. मला भाऊ नाही, म्हणून तुम्हीच यायचा. त्या दिवशी सकाळच्या एसटीने निघून, पारोळा-एरंडोल करत, उन्हाचे फटके खात तुम्ही बाराच्या सुमाराला आलात. हातात आईने दिलेल्या सांजोऱ्यांचा डबा. नेमकं त्याच दिवशी माझ्या नणंदेला बघायला नाशिकचे लोक यायचे होते, संध्याकाळी पाचला. घरात धावपळ. आणि हॉलला लागून असलेल्या त्या बाथरूममधून गटाराचा असा वास येत होता की हॉलमध्ये उदबत्त्या लावूनही दबत नव्हता. सासूबाई रडकुंडीला आल्या होत्या. नेहमीचा प्लंबर आखाजीसाठी गावी गेलेला. सासरे आणि हे, दोघंही बाजारात गेलेले, आंबे, मिठाई आणायला.

तुम्ही पाण्याचा तांब्या खाली ठेवलात, नाक वर करून एकदा वास घेतलात आणि सरळ बाथरूममध्ये गेलात. कपाटाचं दार उघडून वाकलात. म्हणालात, "याला ट्रॅपच नाही. गवंड्याने बेसिनची नळी थेट गटाराच्या पाईपात खुपसून दिलीय. वाकडी नळी पाहिजे, तिच्यात पाणी साठून राहतं आणि खालची घाण हवा वर येत नाही. इथे अडवायला काहीच नाही." सासूबाई म्हणाल्या, "अहो व्याही, तुम्ही कशाला? तुम्ही पाहुणे. बघू काहीतरी." मी तुमच्यामागे येऊन हळूच म्हटलं, "नाना, तुम्ही राहू द्या. इथे तुम्ही व्याही आहात." तुम्ही वळून हसलात. "पाणीले काय समजस, कोण व्याही शे ते?" मी म्हटलं, निदान जेवून तरी घ्या. "काम व्हयनं की जेवसू."

नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून तुम्ही पितळी ट्रॅप आणलात, वॉशर आणले, शेजारच्या गॅरेजमधून पाना आणि करवतीचं पातं मागून आणलंत. मग सदरा काढला, घडी केली, माझ्या हातात दिला. आत बनियन होतं, काखेत फाटलेलं. मला आधी तेच दिसलं. कपाट जेमतेम दीड हात रुंद, सुताराने मधोमध फळी ठोकलेली. तुमचे खांदे रुंद, त्यात जाईनात. तुम्ही आधी एक हात आत घातलात, मग डोकं, मग अंग तिरपं करून दुसरा खांदा, आणि पाठीवर आडवे झालात. पाय बाहेर, गुडघे मुडपलेले, बाकी सगळे तुम्ही आत. मी म्हटलं, नाना, फळी कापून टाका ना. आतून आवाज आला, "लोकांचं लाकूड कशाला कापायचं? होतंय." तुम्ही ट्रॅप उभा लावून बघितलात, तो फळीला अडला. आडवा फिरवून बघितलात, भिंतीतल्या भोकापासून चार बोटं लांब राहिला. मग भोकाच्या रेषेत यावा म्हणून आडवे पडूनच बेसिनचा उभा पाईप दोन बोटं कापलात, पुन्हा लावलात, पुन्हा काढलात. पितळेचा बारीक चुरा तुमच्या डोळ्यांत जात होता, हात आत अडकलेले, पुसता येत नव्हतं. तुम्ही नुसते डोळे मिटून घेत होतात आणि चाचपून काम करत होतात. मधेच म्हणालात, "कसं शे, हाताला दिसतं सगळं."

शेवटी पाईप बेसिनला पक्का धरणारी मोठी चक्री आवळायची राहिली. ती खालून फिरवली की वर बेसिनमधली जाळीही तिच्याबरोबर गरगर फिरते, म्हणून कुणीतरी वरून जाळी घट्ट धरायला लागते. तुम्ही म्हणालात, "पोरी, वरून जाळी धर. फिरू देऊ नको." मी चांगली साडी नेसले होते. पदर खोचला, स्वयंपाकघरातून आणलेल्या चिमट्याचं टोक जाळीत अडकवलं आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. खाली तुम्ही आवळताय, वर माझ्या हातांना तो जोर लागतोय. आपण दोघांनी मिळून केलेलं ते एकच काम, नाना. दोनेक मिनिटं चाललं असेल.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. पाचला यायचे ते लोक साडेतीनलाच आले होते. सासरे आणि हेही त्यांच्यामागोमाग पोचले, हॉलमध्ये "या, या" सुरू झालं. मी चिमटा सोडला. खाली चक्री मोकळी फिरल्याचा आवाज आला आणि तुम्ही म्हणालात, "धर ना, पोरी." मी ऐकलं. मी पदर सोडला, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि बाहेर गेले. सगळ्यांना नमस्कार केला, पाणी दिलं. मुलाची आई, चांगली उंच, शांत चेहऱ्याची बाई, म्हणाली, प्रवासात हात चिकट झालेत, धुते जरा. आणि मी काही म्हणायच्या आत ती त्या बाथरूमकडे वळली. दार उघडंच होतं. फरशीवर पसरलेले वॉशर, पितळेचा चुरा, तुमचे मुडपलेले गुडघे, बनियनची खालची कड, भेगा पडलेल्या टाचा. ती थबकली. "कोण हो हे?"

मी म्हटलं, "प्लंबर आहे. काम चाललंय जरा."

आतला पान्याचा आवाज बंद झाला. मला वाटलं तो आवाज आता कधीच सुरू होणार नाही. मग तुम्ही बोललात. गिऱ्हाइकांशी बोलताना तुम्ही जी शुद्ध भाषा काढायचा त्या भाषेत, अगदी सरळ आवाजात म्हणालात, "बाई, पाचच मिनिटं. झालंच आहे." मला बाई म्हणालात. ती म्हणाली, "असू द्या, असू द्या, सावकाश करा, मी मागे धुते." मी तिला मागच्या नळावर घेऊन गेले. नंतर चहा करताना ती स्वयंपाकघरात येऊन माझ्याशी बोलत उभी राहिली आणि म्हणाली, "त्या माणसालाही द्या हो घोटभर. केव्हाचा अडकलाय बिचारा त्या कपाटात." आमच्या फळीवर शेवटी एक कान तुटलेला कप असायचा, कामाला येणाऱ्या माणसांसाठी. ती समोर उभी होती. माझा हात त्या कपाकडे गेला. मी त्यात चहा ओतला आणि तुम्हाला आणून दिला. तुम्ही तोवर बाहेर येऊन फरशीवर बसला होतात, एका खांद्यावर लाकडाने सोललं होतं, डोळे लाल झाले होते. जाळी तुम्ही एकट्याने कशी धरलीत आणि चक्री कशी आवळलीत, मी विचारलं नाही. तुम्ही कप दोन्ही हातांनी घेतलात, प्यायलात, आणि हळूच म्हणालात, "चहा चांगला व्हयना." मग आवाज आणखी खाली आणून, "माणसं चांगली वाटतात. तुन्ही ननंदनं जमी जाई, दख."

मी म्हटलं, नाना, जेवायला वाढते, मागच्या खोलीत वाढते. मागच्या खोलीत म्हटलं मी. तुम्ही म्हणालात, "माले भूक नही." फडक्याने फरशी पुसून घेतलीत, चुरा कागदात गोळा केलात, सदरा घातलात, बटणं गळ्यापर्यंत लावलीत. "घरात पाहुणे आहेत, तू आज येऊ नको. आईला मी सांगतो." आणि मागच्या दाराने निघालात. गॅरेजवाल्याचा पाना परत करायचा होता, तो तुमच्या हातात होता. मी दारापर्यंत आले. बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत. रागाने नाही, मला माहीत आहे. बघितलं असतंत तर मी रडले असते आणि आत पाहुणे होते. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, तर मी सांगितलं, जेवून गेले, एसटी गाठायची होती.

त्या आखाजीला मी आलेच नाही. नणंदेचं खरंच जमलं. लग्न मार्गशीर्षात, जळगावलाच. आमंत्रण द्यायला सासरे स्वतः धुळ्याला आले, तुम्ही येतो म्हणालात. मला मात्र झोप लागेना. ती बाई तुम्हाला आवाजावरून ओळखेल, सगळ्यांसमोर म्हणेल, अहो, हे तर ते प्लंबर. मी मनात तऱ्हेतऱ्हेची उत्तरं जुळवत होते. लग्नाच्या चार दिवस आधी तुमचं कार्ड आलं. अंगात कसकस आहे, येणं होणार नाही, आई येईल, सर्वांस नमस्कार. ते वाचून मला बरं वाटलं. हे मी असंच लिहून ठेवते, नाना. तुम्हाला ताप आहे हे वाचून तुमच्या लेकीला हायसं वाटलं. आई लग्नाला आली. मी विचारलं, नानांना कसं आहे? तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, "शे जरा ताप." पुढे शेजारच्या काकांकडून कळलं की त्या आठवड्यात तुम्ही रोज सायकलवर कामाला जात होता. कुठल्याशा शाळेच्या टाकीचं काम होतं.

होळीच्या आधी तुम्ही गेलात. सकाळी पाणी आलं होतं, दुसरा हंडा उचलताना छातीत कळ आली आणि मोरीपाशीच बसलात ते बसलात. शेजाऱ्यांनी इकडे फोन केला. एसटीने मी पोचले तोवर दुपार झाली होती. गल्ली माणसांनी भरलेली. तुम्हाला धुवून, पांढऱ्या कपड्यांत ठेवलं होतं. मी तुमचे हात बघितले. नखांत सफेदा होता, तेवढा कुणालाच काढता आला नव्हता.

तेराव्यानंतर आई एकदा बोलता बोलता म्हणाली, "तुन्हा सासरनं भारी कवतिक होतं त्यास्ले." मी म्हटलं, कसलं कौतुक? ती सांगायला लागली. त्या आखाजीला तुम्ही रात्री घरी आलात आणि तिला सगळं बैजवार सांगितलंत. पाहुण्यांच्या पंगतीत तुम्हाला मधोमध बसवलं, आग्रह कर-करून आमरस वाढला, मुलाच्या आईने तुमची विचारपूस केली, लेक तर मागे-पुढे करत होती. गल्लीतही तुम्ही हेच सांगितलंत. आई सांगत होती आणि तिचा चेहरा त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा जरा उजळला होता. आई गेली तेव्हाही ती हेच खरं मानून गेली.

आता जे राहिलंय ते लिहिते. माझी मुलगी आता तिशीची आहे. तिला मी ही गोष्ट सांगितलेली आहे, एकदा नाही, दोन-तीनदा. तिला सांगताना मी म्हणते, त्या काळी सुनांना फार धाक असायचा गं, तुझ्या आजी-आजोबांचं घर प्रतिष्ठेचं, माझी जीभच रेटली नाही. ती माझा हात धरते आणि म्हणते, आई, तू तरी काय करणार होतीस. पण त्या दुपारची एक गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही, आणि वरही लिहिताना गाळली. चहा झाल्यावर सासरे स्वयंपाकघरात आले होते. मुलाची आई तेव्हा हॉलमध्ये गेली होती, आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "सूनबाई, व्याही कुठे आहेत? सकाळी यायचे होते ना? बोलव त्यांना. बोलणी सुरू करायचीत, घरातलं मोठं माणूस आहे, त्यांना माझ्या शेजारी बसू दे." मी म्हटलं, "ते बाजारात गेलेत. उशीर होईल त्यांना." सासूबाईंनाही मी तेच सांगून ठेवलं होतं, काम संपवून बाजारात गेले म्हणून. ते म्हणाले, "मग थांबू थोडं." आणि खरंच अर्धा तास थांबले. तुम्ही तेव्हा भिंतीपलीकडे फरशी पुसत होतात. तुम्हाला हे ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

धाक कुणाचाच नव्हता, नाना. मुलगी परवा येते आहे. तिला हे सांगायचं मी कालपासून ठरवते आहे, आणि आत्ता हे लिहितानाच मला कळलंय की मी सांगणार नाही.